डोंगरमाथ्यावरील वेधशाळेत पर्यटकांच्या हंगामात काम करणे कसे असते?

नाशिकजवळच्या अशा एका हवामान वेधशाळेत निरीक्षक म्हणून रुजू होण्यापूर्वी आपण विचारले आहे की, नवरात्रापासून दिवाळीपर्यंतच्या गर्दीचा कामाला त्रास होतो का. होतो, परंतु मला पर्यटकांपेक्षा एका वरिष्ठांचा त्रास अधिक झाला.

कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी सूर्योदय पाहायला आलेल्यांपैकी एकाने कुंपण ओलांडून स्टीव्हन्सन पेटी, म्हणजे तापमापी ज्या झडपांच्या पेटीत ठेवतात ती, उघडली आणि मी धावत पोहोचेपर्यंत किमान तापमापी हातात घेऊन छायाचित्रही काढून घेतले. ही तापमापी आडवी ठेवतात, कारण तिच्या अल्कोहोलमधील दर्शक, म्हणजे खुणेची बारीक कांडी, रात्रीच्या नीचांकावर थांबलेला असतो. ती तिरकी झाली की दर्शक घसरतो आणि रात्रीची नोंद क्षणात पुसली जाते. साडेआठच्या निरीक्षणात मी किमान तापमानाचा रकाना रिकामा ठेवून शेऱ्यात कारण लिहिले. वरिष्ठ म्हणाले, "आपण नाशिकपेक्षा ७०० मीटर उंच आहोत. हजार मीटरला साडेसहा अंशांची घट धरा, नाशिकच्या आकड्यातून साडेचार वजा करा आणि लिहून टाका."

मी नकार दिला. तो हिशेब सरासरीचा आहे. मोसमी पाऊस माघारी गेल्यानंतरच्या निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन झपाट्याने निवते, तिच्यालगतची गार, जड हवा उतारावरून ओघळून गोदावरीच्या खोऱ्यात साचते आणि माथा खोऱ्याहून उबदार राहू शकतो. थंडीत याच खोऱ्यातल्या निफाडचा पारा महाबळेश्वरच्याही खाली जातो, हे वृत्तपत्र वाचणाऱ्या प्रत्येक नाशिककराला ठाऊक आहे. म्हणजे त्या वजाबाकीने कदाचित पाच अंशांची चूक कायमची नोंदवहीत गेली असती. त्यांनी मला कामचुकार म्हटले. तो शब्द मी अजून विसरलेलो नाही. अंदाजाने आकडा लिहिणे दोन मिनिटांचे काम होते, रकाना रिकामा ठेवण्यासाठी मात्र मी वर्षभर त्यांचा रोष पत्करला.

म्हणून रुजू झाल्यावर पेटीला कुलूप आहे का, ते पहिल्याच दिवशी पाहावे आणि कोणी असा आकडा भरायला सांगितले तर लेखी आदेश मागावा. मी तो मागितला नाही, याची मला खंत आहे.

अर्थात, स्वयंचलित केंद्रात दर्शक घसरण्याचा प्रश्नच येत नाही, तेव्हा आपली नेमणूक कोठे आहे यावर बरेच अवलंबून राहील. शिवाय बहुतेक पर्यटक समंजस असतात. पेटीचे दार उत्तरेकडेच का, असे एका शाळकरी मुलीने विचारले होते. दार उघडताना उन्हाची तिरीप तापमापीवर पडू नये म्हणून, हे सांगितल्यावर ती सावली कोठे पडते ते पाहत पेटीभोवती, कुंपणाबाहेरूनच, एक फेरी मारून आली.