भूगोल घेतला, आता पुढे काय?

प्रश्न : मॅडम, मी टी.वाय.बी.ए. भूगोलला आहे, गाव फलटण तालुक्यात. घरचे, पाहुणे सगळे म्हणतात भूगोल म्हणजे बी.एड. करून मास्तर व्हा नाहीतर स्पर्धा परीक्षा देत बसा. एका क्लासवाल्याने जीआयएस (कॉम्प्युटरवर नकाशे आणि त्यावरची माहिती हाताळायचं तंत्र) कोर्सची फी साठ हजार सांगितलीये, वर जॉबची गॅरंटी. भरू का? आणि जिओग्राफरला खरंच कोणी नोकरी देतं का?

उत्तर : आधी क्लासचं सांगते. अजिबात भरू नकोस. ती गॅरंटी जरा लेखी मागून बघ म्हणजे कळेल. क्यूजीआयएस हे जीआयएसचं सॉफ्टवेअर फुकट आहे, बऱ्यापैकी लॅपटॉपवर चालतं, आणि डेहराडूनची आयआयआरएस, म्हणजे इस्रोचीच संस्था, जीआयएस आणि रिमोट सेन्सिंगचे (उपग्रहाच्या चित्रांवरून जमिनीची माहिती काढायची) ऑनलाइन कोर्स विनाफी घेते. ते इंग्रजीत असतात, पण थांबवून थांबवून बघता येतात ना.

आता नोकरी. जाहिरातीत ‘जिओग्राफर’ शोधत बसलास तर वर्ष जाईल, जीआयएस अ‍ॅनालिस्ट, रिमोट सेन्सिंग असिस्टंट, कार्टोग्राफर (नकाशे बनवणारा) असं शोध. नागपूरचं एमआरसॅक, म्हणजे राज्याचं रिमोट सेन्सिंग केंद्र, आहे, भारतीय सर्वेक्षण विभाग आहे, पाणलोटावर काम करणाऱ्या संस्था आहेत, आणि 2021 च्या फेब्रुवारीत केंद्राने नकाशांवरची परवानग्यांची कटकट बरीचशी काढून टाकली तेव्हापासून प्रायव्हेट कंपन्यांनाही मोकळीक मिळालीये. गावठाणाची ड्रोनने मोजणी चालते ना, जिचा आपल्याकडचा पायलट पुरंदरच्या सोनोरीत झाला, त्यातही ड्रोन उडवणारे थोडे आणि नंतर कॉम्प्युटरवर घरांच्या हद्दी आखत बसणारे जास्त. सुरुवातीची कामं बरीचशी कॉन्ट्रॅक्टची असतात, हे घरी आधीच सांगून ठेव.

पण इंटरव्ह्यूत मार्कशीट बाजूला राहते आणि विचारतात, स्वतः काय केलंयस? म्हणून आत्ताच एक नकाशा कर, तुझ्याच तालुक्याचा. फलटणच्या उत्तरेला नीरा उजवा कालवा, दक्षिणेला कोरडं. सेंटिनेल-2 या उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात, 10 मीटरची (म्हणजे चित्रातला एक ठिपका जमिनीवर 10 मीटरचा), त्यातलं मे महिन्यातलं घे, एनडीव्हीआय म्हणजे हिरवेपणाचा आकडा काढ आणि बघ हिरवं कुठपर्यंत जातं. मग मोटरसायकल काढ आणि जिथे हिरवं संपतं तिथल्या शेतकऱ्याला विचार पाणी कधी येतं, कारण विहिरीवरचा ऊस आणि कालव्यावरचा ऊस वरून सारखाच दिसतो.

यात दोन ठिकाणी अडकशील. गावांची नावं एका फाइलीत ‘खुर्द’, दुसरीत ‘खु.’, तिसरीत नुसतीच, त्यामुळे नकाशाला आकड्यांचं टेबल जोडलं की अर्धी गावं रिकामी. नावावर जोडूच नकोस, 2011 च्या जनगणनेचा गावाचा कोड वापर. दुसरं, क्षेत्रफळ काढायच्या आधी लेयर (नकाशाचा थर) यूटीएम झोन 43 मध्ये, म्हणजे अंशांऐवजी मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीत, आण, नाहीतर हेक्टरच्या जागी भलतेच आकडे येतात (नागपूरकडचं काम असेल तर झोन 44). हे ज्याला न विचारता सांगता येतं त्याने काम केलंय हे समोरच्याला लगेच कळतं.

पुढे एम.ए. किंवा जिओइन्फर्मॅटिक्सची (जीआयएस-रिमोट सेन्सिंगचाच विषय) एम.एस्सी. कर, मात्र बी.ए.वाल्याला घेतात का हे प्रत्येक विद्यापीठाच्या पत्रकात बघूनच. प्राध्यापक व्हायचं असेल तर नेट-सेट, पण त्या जागांची वाट बघत घरी बसू नकोस.

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे, इंजिनिअरिंग सोडून भूगोल म्हणते. रानोमाळ हिंडायचं काम, आम्हाला काळजी वाटते.

उत्तर : ताई, या कामात बहुतेक दिवस खुर्चीतच जातात, पाठ दुखते ती काळजी करा! फील्डला जातात ते टीमने, ठरवून. आणि इंजिनिअरिंगचं दार काही बंद होत नाही, सिव्हिल करूनही इकडे येता येतं, एम.टेक.साठीच्या गेट परीक्षेला 2022 पासून जिओमॅटिक्सचा, म्हणजे मोजणी आणि नकाशांच्या शास्त्राचा, वेगळा पेपर आहे. तिला मॅथ्स आवडत असेल तर दोन्ही वाटा तिच्यासमोर ठेवा आणि तिलाच ठरवू द्या.