वेग, चाल आणि हात सुटलेला चेंडू

प्रश्न असा आला आहे: 'मुलाच्या नववीच्या विज्ञानात गती, चाल आणि वेग असे तीन शब्द आहेत. उदाहरणं सोडवताना तो त्यांत अडकतो. तिन्हींचा अर्थ एकच ना?'

नाही! बातम्यांत रोज 'वाऱ्याच्या गतीचा वेग वाढला' असलं काहीतरी कानावर आदळतं, म्हणून तसं वाटतं. गती म्हणजे नुसतं हलणं, जागा बदलणं. मोजायची ती चाल, आणि चालीला दिशा जोडली की वेग. एवढं पुस्तकात आहेच.

पुस्तकात नाही ते सांगतो. 'वेग' हा शब्द मुळात पळण्याचा नाही, दचकण्याचा आहे. संस्कृत धातूंची जुनी यादी, म्हणजे धातुपाठ, म्हणतो, 'ओविजी भयचलनयोः'. विज् म्हणजे भिणं, थरथरणं, हलणं. उद्वेग, आवेग, संवेग सगळे त्याचेच. घोडा बुजतो आणि उधळतो, तो क्षण या धातूत आहे. 'वाहतो तो वेग' असं सांगणारे अधूनमधून भेटतात. त्यांनी व्याकरण उघडून बघावं. वह् पासून वाह होतो. त्यज् चा त्याग, युज् चा योग, तसा विज् चा वेग.

आता हा शब्द जुन्या ग्रंथांत कसा वापरलाय पाहा. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला सातवा अध्याय 'नवेगान्धारणीय'. शिंक, जांभई, भूक, अश्रू असे १३ वेग अडवू नयेत, असं तो सांगतो. इथे अंतराचा संबंधच नाही; वेग म्हणजे आतून येणारा रेटा. वैशेषिक या प्राचीन दर्शनाचे भाष्यकार प्रशस्तपाद 'संस्कार' या गुणाचे तीन प्रकार देतात: वेग, भावना आणि स्थितिस्थापक. (तिसरा आजही पुस्तकात 'स्थितिस्थापकता' म्हणून नांदतो आहे.) आणि याच दर्शनाचे मूळ सूत्रकार कणाद, त्यांच्या सूत्रांच्या पाचव्या अध्यायात बाण येतो. त्याची पहिली हालचाल नोदनाने, म्हणजे ढकलण्याने, पुढची संस्काराने, म्हणजे याच वेगाने, आणि संस्कार उरला नाही की 'गुरुत्वात् पतनम्', म्हणजे जडपणामुळे पडणं. थोडक्यात, धनुष्याने दिलेला रेटा बाणात साठतो, तोच बाणाला पुढे नेतो, आणि संपला की बाण पडतो.

माझं ठाम मत आहे की नववीतल्या एका हमखास चुकीला हाच जुना अर्थ खतपाणी घालतो. चेंडू २० मीटर प्रति सेकंद वेगाने सरळ वर फेकला. हवेचा विरोध सोडा, गुरुत्व त्वरण १० धरा. एक सेकंदानंतर चेंडूवर कोणती बलं आहेत, त्याचं चित्र मुलाला काढायला सांगा. खाली वजनाचा बाण तो बरोबर काढेल. मग वर दुसरा बाण काढून लिहील: 'हाताचे बल'. अरे, हात तर केव्हाच सुटला! तो वरचा बाण म्हणजे प्रशस्तपादांचा वेग आहे. १६८७ साली आलेल्या न्यूटनच्या 'प्रिन्सिपिया'त त्याला जागा नाही. तिथे चालू असलेली गती टिकायला बल लागत नाही, ती बदलायला लागतं.

म्हणूनच 'कणादांनी न्यूटनचा पहिला नियम आधीच सांगितला' असं लिहिणाऱ्यांशी माझं भांडण आहे. सूत्र नीट वाचलं असतं तर त्यांनी हे लिहिलं नसतं. सुटलेला बाण पुढे का जातो, हा प्रश्न कणादांना पडला, यात त्यांचं मोठेपण आहे. उत्तर मात्र न्यूटनचं नाही. इंग्रजी माध्यमातली मुलंही हीच चूक करतात, असं एका शिक्षकमित्राने मला सुनावलं. करतात, मान्य. पण आपल्या शब्दाच्या पोटातच ती चूक बसलेली आहे, त्याचं काय?

मोमेंटमला 'संवेग' म्हणण्यावरही काही संस्कृतज्ञ नाक मुरडतात. योगसूत्रातल्या 'तीव्रसंवेगानामासन्नः'मध्ये संवेग म्हणजे साधकाची तळमळ, आणि हिंदी मानसशास्त्रात तर भावनेलाच संवेग म्हणतात. पण वस्तुमान गुणिले वेग, म्हणजे वस्तू स्वतःबरोबर घेऊन जाते ते, जुन्या वेगाच्या किती जवळ आहे! परिभाषाकारांचा नेम थोडक्यात चुकला. माझ्या हाती असतं तर मोमेंटमलाच वेग म्हटलं असतं आणि वेलॉसिटीला, म्हणजे आजच्या वेगाला, दिक्चाल. चाल आणि दिक्चाल, फरक कानालाच कळला असता.

तर तुमच्या मुलासाठी तोच चेंडू. दोन सेकंदांत २० मीटर वर, दोन सेकंदांत परत हातात. चार सेकंदांत ४० मीटर अंतर, म्हणून सरासरी चाल १० मीटर प्रति सेकंद. विस्थापन, म्हणजे सुरुवातीच्या जागेपासून शेवटच्या जागेपर्यंतचं सरळ अंतर, शून्य, म्हणून सरासरी वेग शून्य. हातात पडताना चाल २०, आणि वरची दिशा धन धरली तर वेग उणे २०. आणि चित्रातला तो वरचा बाण त्याला आधी खोडायला लावा.