गेमकट्टा: मधेच पळणारे आणि नवीन आलेले

प्रश्न: ताई, आमचा कॉलेजचा व्हॅलोरंटचा (पाच विरुद्ध पाच असा ऑनलाइन गोळीबाराचा गेम) ग्रुप आहे, आठ-दहा जण. नवीन कुणाला आणलं की तो दोन-तीन दिवस खेळतो आणि मग ऑनलाइनच दिसत नाही. आणि जुन्यातले दोघं असे की ०-४ झालं की "लाईट गेली" म्हणून गायब, मग आम्ही उरलेले नुसता मार खात बसतो. काय करू?
– एक वाचक, सांगली

उत्तर: अरे, त्या दोघांचं सोपं आहे, त्यांचा बंदोबस्त गेमनेच केलाय. सारखं सारखं सोडून गेलं की काही काळ क्यूच, म्हणजे नवीन मॅचसाठी नंबरच, लावता येत नाही. दुसऱ्या गेममध्येही असंच, काउंटर-स्ट्राइकमध्ये पहिल्यांदा अर्धा तास बॅन आणि मग वाढत वाढत ७ दिवसांपर्यंत. डोटा २ मध्ये तर वेगळ्या रांगेत टाकतात, तिथे बाकीचेही बरेचसे असेच पळपुटे, आणि ठराविक मॅच जिंकल्याशिवाय सुटका नाही (ही शिक्षा मला फार आवडते). तुमच्या व्हॅलोरंटमध्ये हरतच असाल तर पाचव्या राउंडपासून सरेंडरचं, म्हणजे हार मानायचं, वोटिंग घेता येतं, ते घ्या, सगळे मिळून सोडा, एकट्याने रडीचा डाव नको. लाईट खरंच गेली असेल तर ती आल्यावर त्याच मॅचमध्ये परत शिरता येतं. तो परत येतो का बघ, लाईट कुणाची गेली ते कळेल.

नवीन मुलाचं मात्र अवघड आहे, कारण बॅनचा धाक कुणाला, तर ज्याला उद्या परत खेळायचंय त्याला. हा तर गेम डिलीट करून मोकळा, त्याला कसला बॅन! त्याला तुम्हीच धरून ठेवायला पाहिजे. आत्ता होतं काय, तो तुमच्या पार्टीत येतो म्हणून समोरची टीम तुमच्या लेव्हलची मिळते, बिचाऱ्याला कोण कुठून मारतंय तेच कळत नाही, वर तुम्ही आधी मेलात की सगळे त्याचीच स्क्रीन बघत "डावीकडे! अरे डावीकडे बघ ना!" चालू. कोण थांबेल? आधी आठवडाभर त्याच्याबरोबर फक्त स्विफ्टप्ले, म्हणजे छोटी मॅच, लावा, ५ राउंड जिंकले की संपलं, हरलं तरी पंधरा-वीस मिनिटांत मोकळे. त्याला सेज हे पात्र द्या, नेम बसला नाही तरी दुसऱ्याला बरं करून उपयोगी पडतो. बोलायचं एकानेच, मेलेल्यांनी माइक बंद. लहानपणी गल्लीत लिंबूटिंबूला आपण पहिल्या बॉलला आउट द्यायचो का? फायनल फॅन्टसी १४ या ऑनलाइन गेमवाल्यांनी तर डोकंच लावलंय, डंजनमध्ये (टीमने मिळून करायच्या मोहिमेत) कुणी पहिल्यांदाच आलेला असला की बक्षीस सगळ्या टीमला जास्तीचं मिळतं, म्हणजे नवखा दिसला की लोक वैतागत नाहीत, खूश होतात. तुम्ही चहा ठेवा हवं तर, जो नवीन मुलाला शिकवेल त्याला.

प्रश्न: जेवायला हाक मारली की मुलगा म्हणतो "मॅच मधेच सोडता येत नाही". हे खरं की थाप?
– एक बाबा, नाशिक

उत्तर: खरं आहे हो काका. जेवणासाठी ऑनलाइन मॅच थांबवून ठेवता येत नाही, आणि तो उठला तर बाकीचे चौघं अडकतात. व्हॅलोरंटसारख्या गेमची पूर्ण मॅच १३ राउंड जिंकेपर्यंत चालते, अर्धा-पाऊण तास सहज जातो. पण नवीन मॅच लावायची की नाही हे त्याच्याच हातात असतं ना! ९ ला जेवत असाल तर सव्वाआठनंतर मॅच लावायची नाही, हे त्याला आधीच सांगून ठेवा. "एकच शेवटची" ला मात्र भुलू नका.