वाडगा का तडकला आणि तेल का चिकटतंय

कराडच्या भाऊंचा प्रश्न थोडक्यात असा, की वळवाच्या वादळात बांधावरचा आंबा पडला, सॉ मिलवर त्याचे ठोकळे करून घेतले, पंधरा दिवसांत आठ इंची वाडगा लेथवर कातला, जवसाच्या तेलाचे तीन हात मारले, आणि आठवडाभरात काठापासून थेट तळातल्या काळपट ठिपक्यापर्यंत तडा गेला, तेल अजून बोटाला चिकटतंय, शिवाय आतल्या बाजूला दोन ठिकाणी कितीही पॉलिश पेपर मारला तरी खरबरीतपणा जात नाही, तर आता कुठलं पॉलिश मारू? भाऊ, पॉलिशचं शेवटी बघू, कारण तुमचा वाडगा पॉलिशवर अडलेलाच नाही, त्याच्या बराच आधी अडलाय. मी सांगलीत घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बारा वर्षं हा उद्योग करतोय आणि तुम्ही जे जे केलंय ते सगळं मी त्याच क्रमानं करून बसलोय, त्यामुळं हसत नाही.

आधी चिकटपणाचं उरकतो. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही, ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. थर जाड झाला की वर साय धरल्यासारखं होतं आणि खालचं तसंच ओलं राहतं, त्यात पावसाळी हवा असेल तर बघायलाच नको. पातळ हात लावायचा, वीसेक मिनिटांनी कोरड्या फडक्यानं निघेल तेवढं सगळं पुसून काढायचं, आणि कच्चं तेल असेल तर दुसऱ्या हाताला आठवडाभर तरी थांबायचं. आत्ताचं चिकट टर्पेंटाइनच्या फडक्यानं पुसून काढा आणि वाडगा वाऱ्याला ठेवून द्या. रंगाच्या दुकानात डबल बॉइल्ड म्हणून जे मिळतं त्यात लवकर वाळावं म्हणून धातूचे क्षार घातलेले असतात, खायच्या भांड्याला मी ते लावत नाही. आणि एक महत्त्वाचं, तेलाचं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, वाळताना ते तापतं आणि बोळा केलेला असला की उष्णता आतच कोंडून आपोआप पेटू शकतं. माझ्याकडं एकदा भुशाच्या डब्यात टाकलेल्या फडक्यातनं संध्याकाळी जळका वास यायला लागला, डबा अंगणात नेऊन उपडा केला तर आतनं धूर. तेव्हापासून फडकी तारेवर सुटी पसरून वाळवतो, नाहीतर पाण्याच्या बादलीत.

आता तडा. ताजं लाकूड म्हणजे पाण्यानं भरलेल्या बारीक नळ्यांची जुडीच समजा. नळ्यांची तोंडं ओंडक्याच्या दोन्ही टोकांना उघडी असतात, तिथनं पाणी भराभर जातं, बाहेरचं लाकूड आकसायला लागतं, आतलं ओलं लाकूड त्याला आकसू देत नाही, मग ते फाटतं. शिवाय लाकूड सगळीकडं सारखं आकसत नाही, वर्तुळांच्या वळणानं जेवढं आकसतं ते गाभ्याकडनं सालीकडं आकसतं त्याच्या साधारण दुप्पट असतं, म्हणून ओला वाडगा अगदी गोल कातला तरी वाळल्यावर लांबोळका होतो. आणि तुमच्या तळातला तो काळपट ठिपका म्हणजे ओंडक्याचा मधला गाभा. तो ठोकळ्यात राहिला की तडा आज ना उद्या ठरलेलाच. सॉ मिलवाल्याला स्पष्ट सांगायचं, ओंडका मधोमध चीर आणि गाभ्याच्या दोन्ही बाजूंची बोटभर पट्टी बाजूला काढ. तो म्हणेल लाकूड वाया जातंय, जाऊ दे.

मी करतो ते असं. ओलं असतानाच वाडगा जाडजूड कातून घ्यायचा, भिंत व्यासाच्या एक दशांश, म्हणजे आठ इंचाला साधारण २० मिलिमीटर, तळही तेवढाच. वाळून लांबोळका झाला तरी परत गोल कातायला माल उरतो. मग बाहेरनं, विशेषतः नळ्यांची तोंडं येतात त्या दोन बाजूंना, वितळलेलं मेण नाहीतर थोडा पातळ केलेला फेविकॉल फासायचा, पेन्सिलनं तारीख आणि वजन वाडग्यावरच लिहायचं, कागदी पिशवीत त्याच्याच ढलप्यांबरोबर भरून खाटेखाली सरकवायचा. ऊन नको, फॅन नको. दर रविवारी बायकोचा स्वयंपाकघरातला काटा मागून आणायचा आणि वजन लिहायचं. माझ्या शेवटच्या आंब्याच्या वाडग्यावर ९४० ग्रॅमपासून सुरुवात आहे, मग ८७०, ८१५ अशी उतरंड आणि शेवटी ६३० वर तीन आठवडे काटा हललाच नाही, तेव्हा कळलं की झालं. चार महिने गेले. मार्च-एप्रिलमध्ये आपल्याकडचा कोरडा वारा असतो तेव्हा पिशवी दुहेरी करतो, नाहीतर एका रात्रीत टाळी वाजल्यासारखा आवाज येतो आणि सकाळी वाडगा दोन ठिकाणी उललेला.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा माझं शेड छातीएवढ्या पाण्यात होतं. लेथची मोटर गेली, वाळत ठेवलेले अकरा वाडगे चिखलात. रागानं सगळे एका पोत्यात भरून मागं टाकून दिले आणि विसरलो. दिवाळीनंतर पोतं उघडलं तर आंब्याच्या लाकडात बुरशीनं नकाशातल्या सीमारेषांसारख्या काळ्या रेघा ओढलेल्या. चार कुजून गेले होते पण बाकीचे वाळवून कातले, आणि आजपर्यंत लोकांनी मागून नेलेले वाडगे तेच. मात्र असलं लाकूड कातताना मास्क पाहिजेच. मास्क तसा कायमच पाहिजे, कारण लाकडाची बारीक धूळ कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या यादीत आहे, आणि शिसवीच्या धुळीनं तर मला अंगावर पुरळ येतं.

लाकूड कुठलं, तर शिकायला आंबाच चांगला. फणस कातायला मऊसूत, पिवळाजर्द निघतो आणि वर्षभरात काळपट तांबूस होतो. बाभूळ वाळल्यावर लोखंड, ओली असतानाच कातून घ्यावी. चिंचेची वाट मी दोनदा धरली आणि दोनदा सोडली. कण्हेर आणि काजरा खायच्या भांड्याला अजिबात नको. वखारीतलं जळण, फर्निचरवाल्याकडची तुकडी, पडलेली झाडं एवढं पुरतं, उभ्या झाडाच्या नादाला लागू नका, आंबा, चिंच, फणस, जांभूळ तोडायला परवानगी लागते, मग ते आपल्या बांधावरचं असलं तरी.

आता तो खरबरीतपणा. आपल्याकडचे जुने कातारी जमिनीवर बसून, दोरी ओढायला एक जण घेऊन, लाटणी, रव्या, खाटेचे पाय कातायचे, त्यात लाकडाच्या शिरा, म्हणजे मघाच्या त्याच नळ्या, लेथच्या लांबीला सरळ असतात. वाडग्यात त्या आडव्या असतात. म्हणजे एका फेऱ्यात दोनदा हत्यार शिरांच्या अंगानं जातं आणि दोनदा नळ्यांच्या तोंडावर येऊन आदळतं. तुमची दोन खरबरीत ठिकाणं समोरासमोर आहेत का बघा, असणारच. तिथं शिरा कापल्या गेल्या नाहीत, उपटल्या गेल्यात, आणि उपटलेली शीर पॉलिश पेपरनं जात नाही, तेल लावलं की उलट काळी होऊन उठून दिसते. याला औषध एकच, धार. बोल गाउजला, म्हणजे वाडगा कातायच्या खोलगट पात्याच्या हत्याराला, मी कातता कातता दर दहा-पंधरा मिनिटांनी धार लावतो, बेंच ग्राइंडरवर पांढरं चाक आणि कोन धरून ठेवायला जिग, हातानं धरून कोन दरवेळी वेगळा येतो. कातताना धारेच्या मागचा उतार आधी लाकडावर टेकवायचा, मग मूठ हळूहळू उचलायची की धार लागते. बाहेरनं तळाकडनं काठाकडं, आतनं काठाकडनं मधे. बरोबर चाललं असेल तर लांब ओल्या शेवयांसारखी साल निघते आणि आवाज सळसळता येतो. भुगा उडायला लागला की समजायचं, धार गेली किंवा हात चुकला.

एक चूक मात्र जिवावरची आहे. सेटमध्ये मोठं पन्हाळीसारखं रफिंग गाउज येतं ना, ते लाटण्या-पायांसाठी आहे, वाडग्याला कधीही लावायचं नाही, त्याची मुठीत जाणारी शेपूट बारीक असते. मला कुणी सांगितलं नव्हतं. बाभळीच्या ठोकळ्याला लावलं, अडकलं, शेपटीपाशी तुटलं आणि पातं माझ्या कानाजवळनं जाऊन पत्र्यावर आदळलं. फेस शील्ड घाला, हातमोजे काढा, बाह्या वर करा. वेगाचा हिशोब सोपा आहे, इंचातला व्यास गुणिले आरपीएम, म्हणजे लेथचे मिनिटाला फेरे, सहा ते नऊ हजारांच्या मधे, म्हणजे आठ इंचाला ७५० ते ११००, आणि ठोकळा ओबडधोबड असताना ४०० पासून सुरू करा, लेथ हलायला लागला की वेग कमी, जिद्दीला पेटायचं नाही.

पॉलिश पेपर १२० नंबरपासून, मग १८०, २४०, ३२०, ४००, मधला एकही गाळायचा नाही. वेग कमी ठेवा, पेपर बोटाला गरम लागला की लाकूडही तापतंय आणि बारीक तडे जातात. दर नंबरनंतर लेथ बंद करून शिरांच्या दिशेनं हातानं चार हात मारा, गोल ओरखडे त्यानंच जातात. ३२० नंतर ओल्या फडक्यानं पुसा, लाकडाची लव उभी राहते, वाळू द्या, मग ४००. बायकोचा काटा नेलाय तसा तिचा जुना टूथब्रशही उपयोगी पडतो, खोबणीतली धूळ काढायला.

आणि आता पॉलिश. मी ते मिरजेत शिकलो. सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याच्या भोपळ्यावर लाखेचं पॉलिश मारताना एक म्हातारे कारागीर बसलेले असायचे, त्यांच्याकडं मी शनिवारी नुसता बघत बसायचो. कापसाचा बोळा सुती कापडात, त्यावर स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडी, म्हणजे लाखेचे पापुद्रे, बोटानं तेलाचा एक थेंब, आणि बोळा आठच्या आकड्यात फिरत राहतो, कुठंही थांबत नाही. थांबला की तिथंच चिकटतो आणि खालचे सगळे हात उपटून आणतो. मी विचारलं किती हात, तर म्हणाले मोजत बसलास तर कमीच पडतील. प्रमाण १०० मिली स्पिरिटला २० ग्रॅम चपडी, दरवेळी ताजी भिजवा, सहा महिने बाटलीत राहिलेली वाळतच नाही, त्याचा चिकटपणा तर तुमच्या तेलापेक्षा वाईट. पावसाळ्यात मारू नका, पांढरट छटा येते. आणि लाखेवर गरम चहा किंवा दारू सांडली की डाग पडतो, म्हणून ती शोभेच्या किंवा सुक्या मेव्याच्या वाडग्यालाच.

जेवणात वापरायचा असेल तर मेडिकलमधलं लिक्विड पॅराफिन चार भाग आणि मधमाश्यांचं मेण एक भाग, पातेल्यात पाणी ठेवून त्यात वाटी धरून वितळवायचं. मेण मी महाबळेश्वरकडनं आणतो, तुम्हाला तर ते आणखी जवळ. हे वाळत नाही, दर दोन-तीन महिन्यांनी परत हात फिरवावा लागतो, पण खवट होत नाही. शेंगतेल, करडईचं तेल नको. आमच्या आजीच्या काठवटीला म्हणाल तर कधीच काही लावलेलं नव्हतं, रोज पीठ आणि रोज हात, एवढंच.

तुमचा तडकलेला वाडगा टाकू नका. आता आणखी दोन महिने तसाच वाळू द्या, मग तड्यात त्याच आंब्याचा चाळलेला भुगा दाबून वरनं पातळ सुपर ग्लू सोडा, किल्ल्या-सुट्ट्या पैशांना होईल. आणि सॉ मिलवरून आणलेले बाकीचे ठोकळे अजून अंगणात तसेच उघडे असतील तर आज रात्रीच त्यांच्या टोकांना फेविकॉल फासा.