स्टील गिटारच्या जॅम सेशनला पहिल्यांदा जाताना नेमकी काय तयारी करावी?

तुम्ही लिहिलंय की दहा तारांची ई-नाइन ट्यूनिंगची पेडल स्टील आहे, ३ पेडल (ए, बी, सी), ४ नी लिव्हर (गुडघ्याने ढकलायचे), घरी बॅकिंग ट्रॅकवर बऱ्यापैकी वाजतं. महिन्याभराने तुमच्या भागातल्या स्टील वादकांचं जॅम सेशन आहे, तर कोणते लिक (तयार छोटे सुरांचे तुकडे) बसवून जावं? माझं सरळ म्हणणं, एकही नवा लिक बसवू नका. अशा ठिकाणी नवखा माणूस लिक कमी पडल्यामुळे सहसा अडत नाही. तो अडतो सुरामुळे, उंचसखल जमिनीमुळे, आणि बेसवाल्याने "पट्टी कुठली?" विचारल्यावर उत्तर तयार नसल्यामुळे. शिवाय तिथे सगळेच एकच वाद्य घेऊन आलेले असतात. तुमच्या वाट्याला स्वतःचं वाजवायला दहा-पंधरा मिनिटं आली तर पुष्कळ. बाकीचा वेळ दुसऱ्याला साथ करायची किंवा गप्प बसायचं. तयारी त्या हिशेबाने व्हायला हवी.

आधी आयोजकांना विचारून घ्या: साथीला बेस, ड्रम, रिदम गिटार आहेत की नुसते ट्रॅक? वाद्यं सगळ्यांनी सुरुवातीलाच मांडून ठेवायची की पाळी आली की मांडायची? अँप आपापला आणायचा का? मांडणीचा प्रश्न महत्त्वाचा, कारण पेडल स्टील मांडून सुरात आणायला सवयीच्या माणसालाही पंधरा-वीस मिनिटं लागतात. पाळीपाळीने मांडायचं असेल तर बाजूच्या खोलीत पायांवर उभी करून, सूर लावून तयार ठेवा आणि दोघांनी धरून आत न्या.

गाणी तीनच ठरवा. एक मध्यम लयीचं शफल (झुलत्या ठेक्याचं), एक वॉल्ट्झ (तीन ठोक्यांचं), एक संथ. सुरुवात शफलने करा. संथ गाणं सोपं वाटतं म्हणून नवखे लोक हमखास तेच आधी घेतात, पण स्टीलवर ते सर्वांत अवघड. लांब धरलेल्या प्रत्येक सुरात बार (तारांवर धरायचा धातूचा दांडा) केसभर सरकला तरी ऐकू येतं, आणि पहिल्या गाण्याला हात थरथरत असतो. प्रत्येक गाणं ठरलेल्या पट्टीत पक्कं करा, मग दोन फ्रेट वर आणि दोन फ्रेट खाली वाजवून बघा, कारण गाणारं कुणी आलं तर पट्टी त्यांच्या गळ्याप्रमाणे ठरणार. यासाठी एक गोष्ट तोंडपाठ हवी: बिनपेडलच्या जागेपासून ३ फ्रेट वर ए पेडल आणि ई तारा एफवर नेणारा लिव्हर धरला की तीच कॉर्ड मिळते, तिथून आणखी ४ फ्रेट वर ए आणि बी पेडल दाबून पुन्हा तीच. जी पट्टीत ३, ६, १०. सी पट्टीत ८ आणि ११, आणि ए-बी दाबून वरची जागा १५ किंवा खाली ३. चार नंबरची (पट्टीच्या चौथ्या सुरावरची) कॉर्ड आहे त्याच फ्रेटवर ए-बी दाबून, आणि पाच नंबरची ए-बी तशीच धरून दोन फ्रेट वर. एवढं डोक्यात बसलं तर कुठल्याही पट्टीत साथ करता येते.

प्रत्येक गाण्याचा नंबर चार्ट एका पानावर, मोठ्या अक्षरात, चार प्रतींत न्या. त्यात कॉर्डची नावं लिहू नका, नुसते आकडे: १, ४, ५, मायनरसाठी आकड्यापुढे छोटी आडवी रेघ, एका मेझरमध्ये (तालाच्या एका फेरीत) दोन कॉर्ड असतील तर दोन्हींच्या खाली मिळून रेघ, पूर्ण मेझर धरून ठेवायच्या कॉर्डभोवती हिरा. वरच्या कोपऱ्यात पट्टी, ताल आणि मेट्रोनोमचा आकडा. आणि चार्टवर नेहमी राहून जातात अशा दोन गोष्टी: सुरुवात कोण करणार (उदाहरणार्थ, स्टीलवर शेवटच्या ४ मेझरचा इंट्रो), आणि शेवट कसा करायचा (शेवटची ओळ परत की थेट थांबायचं). जॅममधली गाणी मध्ये क्वचित कोसळतात, गोंधळ व्हायचा तो शेवटच्या चार मेझरमध्येच.

आता तारा. नवा सेट जॅमच्या तीन-चार दिवस आधी चढवा. त्या दिवशी सकाळी चढवलात तर संध्याकाळपर्यंत तारा ताणतच राहतील आणि दर गाण्यानंतर सूर लावत बसाल. सेट बदलताना चेंजरच्या (पेडल दाबलं की तारा ताणणारा भाग) बोटांचा वरचा गोलावा बोट फिरवून तपासा. जुन्या तारेने तिथे खाच पाडली असेल तर नवी तार तिथेच तुटणार. सगळ्यांत आधी तुटते ती तिसरी, ०.०११ इंची जी शार्प. सर्वांत बारीक, सर्वांत ताणलेली, आणि बी पेडल दाबलं की दरवेळी त्याच जागी वाकणारी. सुट्या तिसऱ्या तारा ३, पाचव्या (०.०१७) २ आणि चौथी (०.०१४) १, एवढ्या बरोबर हव्यात. तार कापायचा पाना, ट्यूनर आणि नायलॉन नटांसाठी ३/१६ इंची षटकोनी पाना एकाच पिशवीत ठेवा.

गाण्यात मध्येच तिसरी तुटली तर थांबू नका. ५-६-८ आणि ६-८-१० या ग्रिप (एकदम छेडायच्या तीन तारा) शाबूत असतात, जी शार्प सहाव्या तारेवर एक सप्तक खाली मिळतो. एक त्रास मात्र होतो: तार तुटल्याने बॉडीवरचा ताण कमी होतो आणि उरलेल्या तारा किंचित चढतात. बार अगदी थोडा मागे ठेवून गाणं निभावून न्यायचं. घरी एकदा तिसरी मुद्दाम सैल सोडून एक गाणं वाजवून बघा, तेव्हा हे हाताला कळेल.

सुराबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण निम्मी तयारी इथेच आहे. वाद्य गाडीतून आणलं की पेटी उघडून वीस-तीस मिनिटं खोलीच्या तापमानाला येऊ द्या. तोवर सूर लावणं फुकट. मग क्रम असा (ऑल-पुल, म्हणजे तार चढवणं-उतरवणं दोन्ही ओढून करणाऱ्या चेंजरसाठी): खुल्या तारा खुंट्यांवर, त्यानंतर ए पेडल पूर्ण दाबून ५ आणि १० नंबरचा सी शार्प शेवटच्या प्लेटवरच्या नायलॉन नटाने, बी पेडल दाबून ३ आणि ६ चा ए, मग सी पेडल, मग लिव्हर. पुन्हा खुल्या तारा तपासा. पेडलने वर नेलेली तार परतताना किंचित उतरी येते आणि लिव्हरने खाली नेलेली किंचित चढी, कारण खुंट्यांकडच्या टोकाला असलेल्या रोलरवर ती थोडी अडकते. फरक कानाला जाणवण्याइतका असेल तर रोलर अडकलेत. ते साफ करून थेंबभर हलकं तेल द्यायचं. हे काम आधीच्या आठवड्यात करा, हॉलमध्ये नाही.

दुसरी गोष्ट, ए-बी दोन्ही दाबून आठवी ई छेडा आणि ट्यूनरकडे बघा. काटा काही सेंट (अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) खाली गेलेला दिसेल. पेडल दाबल्यावर वाढलेल्या ताणाने बॉडी दबते, म्हणून. बहुतेक वादक खुल्या ई थोड्या चढ्या लावतात, म्हणजे पेडल दाबल्यावर त्या जागेवर येतात. तुमच्या वाद्यात हा फरक किती आहे ते मोजून केसच्या झाकणावर लिहून ठेवा.

मेजर कॉर्डमधला तिसरा सूर, म्हणजे खुल्या ट्यूनिंगमधला जी शार्प, शुद्ध बसवायचा तर ट्यूनरच्या शून्यापेक्षा १४ सेंट खाली येतो. एकट्याने वाजवताना तो कानाला फार गोड लागतो. पण जॅममध्ये कीबोर्ड असेल तर त्याचा तिसरा सूर बरोबर शून्यावर असतो, आणि दोघांनी एकदम धरला की लाटा ऐकू येतात. माझ्या मते अशा दिवशी ८ ते १० सेंट खाली ठेवावा. थोडं इकडचं, थोडं तिकडचं. शुद्धतेचा आग्रह धरणारे मला नावं ठेवतील, ठेवू देत. दुसऱ्या स्टील वादकाबरोबर जोडीने धून वाजवायची असेल तर मात्र आधी दोघांचे तिसरे सूर एकमेकांशी ताडून घ्या. नाहीतर दोघंही आपापल्या जागी सुरात आणि एकत्र बेसूर, असा प्रकार होतो.

मांडणीत तीन गोष्टी चुकतात. पहिली, जमीन. जाड गालिच्यावर पाय रुततात, आणि पेडल चेंजरच्या थांब्यापर्यंत जाण्याआधीच जमिनीला टेकतं. मग ए पेडलचा सी शार्प उतरा राहतो आणि माणूस नट फिरवत बसतो. सूर लावण्याआधी प्रत्येक पेडल पूर्ण दाबून खाली बोटभर जागा राहते का ते बघा, नाहीतर पाय थोडे लांब करा. गुळगुळीत फरशीवर उलटा त्रास, व्हॉल्यूम पेडल पुढे पळत जातं. एक रबरी मॅट बरोबर असू द्या.

दुसरी, बसायची उंची. हॉलमधली खुर्ची तुमच्या घरच्या स्टुलापेक्षा दोन इंच उंच निघाली की डोकं वर जातं, नजरेचा कोन बदलतो, आणि बार रेषेवर दिसत असूनही रेषेच्या किंचित बाजूला पडतो. घरी सुरात वाजणारा माणूस तिथे सतत चढा किंवा उतरा वाजतो तो बऱ्याचदा यामुळे. गुडघे लिव्हरना वेगळ्या जागी लागतात ते निराळंच. स्वतःचं स्टूल न्या. वरच्या दिव्याची चकाकी फ्रेटबोर्डवर पडत असेल तर वाद्य थोडं फिरवून बसा.

तिसरी, पेडल रॉड, म्हणजे पेडलपासून वर वाद्यापर्यंत जाणाऱ्या सळया. प्रत्येकाची लांबी वेगळी लावलेली असते. ए चा रॉड बी ला गेला तर पेडलांची उंची आणि झोल सगळं बिघडतं. रॉडला रंगीत टेपच्या पट्ट्या गुंडाळा: ए ला एक, बी ला दोन, सी ला तीन.

वायरिंगमध्ये ट्यूनर व्हॉल्यूम पेडलच्या आधी जोडा, म्हणजे पेडल बंद ठेवून आवाज न करता सूर लावता येईल. पॉट (आवाज कमी-जास्त करणारा फिरता भाग) असलेलं व्हॉल्यूम पेडल खरखरत असेल तर पॉट आधीच बदला. दोरीवर चालणारं असेल तर दोरी कुठे झिजली आहे का ते बघा आणि एक जादा ठेवा. अँपची पातळी अशी लावा की पेडल अर्ध्यावर असताना तुमचा नेहमीचा आवाज मिळेल. वरचा अर्धा भाग सूर विरायला लागला की तो टिकवून धरण्यासाठी असतो. नवखे लोक अँप कमी ठेवून पेडल पूर्ण उघडतात, आणि मग लांब सुराला काही उरतच नाही. सिंगल कॉइल पिकअप गुणगुणत असेल तर वाद्य थोडं थोडं फिरवून बघा, एखाद्या कोनात गुणगुण बरीच कमी होते. कर्कश वाटलं तर ट्रेबलला हात लावण्याआधी ८०० हर्ट्झच्या आसपास मिड थोडा कमी करून बघा. रिव्हर्ब घरच्यापेक्षा निम्मा. चार स्टीलचे रिव्हर्ब एकत्र आले की सगळा लगदा होतो.

आता दुसऱ्याच्या पाळीला काय करायचं? दुसरी स्टील मुख्य वाजवत असेल तर व्हॉल्यूम पेडल पूर्ण बंद, हात तारांवर. हे शंभरातल्या नव्वद वेळा योग्य असतं. साथ करायला सांगितलीच तर खालच्या तारांवर, तळहाताने दाबून, दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्याला तुटक कॉर्ड द्या. गाणं चालू असेल तर ओळ संपल्यावरच्या मोकळ्या जागेतच भरा, आणि तेही तुमची पाळी ठरली असेल तर. घरी याचा सराव असा करा: ट्रॅक लावा आणि अख्ख्या गाण्यात फक्त चार ठिकाणी वाजवा. आठवडाभर रोज एक गाणं. वाटतं त्यापेक्षा अवघड आहे.

कुणी मायेने "माझ्या वाद्यावर बसा" म्हटलं तर आधी पेडलांचा क्रम विचारा. एमन्स मांडणीत डावीकडून ए-बी-सी, डे मांडणीत सी-बी-ए. लिव्हर तर प्रत्येकाचे वेगळे. चार ओळींच्या आत पाय चुकतो.

लॅप स्टील नेणाऱ्यांचं काम बरंच हलकं: सहा तारांचं सी-सिक्स (खालून सी, ई, जी, ए, सी, ई), मांडी किंवा स्टँड, दोन बार, जादा पिक. फक्त कुठल्या कॉर्डना तुम्ही दोनच सूर देणार आहात ते रिदम गिटारवाल्याला सांगून ठेवा, म्हणजे तो उरलेला सूर भरेल.

पिशवीत शेवटी घालायच्या वस्तू: दोन केबल, एक्स्टेंशन बोर्ड, सुके फडके (घामाने बार निसटतो), अंगठ्याचे दोन आणि बोटांचे चार पिक, पेन्सिल, छोटा चिमटा-दिवा. आवरताना आधी रॉड सोडवा, मग पेडल बार, मग पाय. पाय आधी काढले तर वाद्याचं सगळं वजन रॉडवर येऊन ते वाकतात. आणि बार पेटीत सुटा टाकू नका, कापडात गुंडाळून वेगळ्या कप्प्यात ठेवा. त्यावर एक बारीक टोचा पडला तरी पुढच्या वेळी प्रत्येक मींडेत तो खरखर करतो.