पोटासाठी वेगळं डाएट असतं का?

वाचक विचारतात : आहार

या खेपेला आलेल्या पत्रांत पोटाच्या घेराचीच चर्चा जास्त आहे. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत. पत्रलेखकांची नावं नेहमीप्रमाणे दिलेली नाहीत, फक्त वस्ती दिली आहे.

प्रश्न : वय ४६, उंची १६८ सें.मी., वजन ७१ किलो. हातपाय किडकिडीत, पण पोट मात्र सुटलंय. ऑफिसातल्या एकाने ‘खास पोटाचं डाएट’ म्हणून कागद दिला : सकाळी जिरेपाणी, पोळी पूर्ण बंद, रात्री फक्त सूप. यानं फक्त पोट उतरेल का? बाकी अंग आणखी वाळायला नको आहे. (सुदामानगर, इंदूर)

उत्तर : फक्त पोट उतरवणारा आहार नाही. शरीराला ऊर्जा कमी पडली की साठवलेली चरबी विरघळून रक्तात येते, आणि ती अंगभरच्या साठ्यांतून येते. कुठली आधी निघणार, हे वय, स्त्री की पुरुष, अनुवंश आणि हॉर्मोन ठरवतात. ताटात पोळी आहे की भात, यावर ते ठरत नाही.

तरी तुमच्यासारख्या शरीरयष्टीला एक गोष्ट अनुकूल आहे. पोटाची चरबी दोन ठिकाणी असते : एक कातडीखालची, जी चिमटीत येते, दुसरी आतली, आतड्यांभोवती आणि यकृताच्या आसपास. पुरुषांचं पुढे आलेलं टणक पोट बरंचसं या दुसरीचं असतं. मधुमेह, रक्तदाब यांच्याशी जास्त संबंध तिचाच, आणि एकूण वजन उतरू लागलं की तुलनेनं लवकर हलते तीही हीच. म्हणून चार-पाच किलो उतरले तरी पट्ट्याचं भोक बदलतं. चिमटीतली वळी मात्र चिवट असते, तिच्याकडे बघून निराश होऊ नका.

‘हातपाय बारीक, पोट मोठं’ ही आपल्याकडची जुनीच ठेवण आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती, याचा आकडा) सारखाच, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! भारतीयांसाठी बीएमआयची मर्यादा २३ ठेवतात ती म्हणूनच. तुमचा बीएमआय २५.२ येतो, म्हणजे किडकिडीत दिसत असलात तरी वजन जास्तच आहे.

वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप बरी. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, पाय थोडे फाकवून उभे राहा. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या बरोबर मधोमध टेप आडवी धरा, सहज श्वास सोडा आणि आकडा वाचा. पोट आत ओढायचं नाही, टेपही आवळायची नाही. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सें.मी.च्या आत घेर हवा. पँटचा नंबर अजून ३४ च आहे यावर विसंबू नका : पोट वाढलं की पँट खाली सरकते, नंबर तोच राहतो. टेप आठवड्यातून एकदाच लावा. रोज मोजलं तर वात आणि शौचाचा हिशेब दिसतो, चरबीचा नाही.

कागदावरच्या सुपाविषयी. रात्री नुसतं सूप घेतलं की साडेदहाला पोटात कावळे ओरडतात, आणि इंदुरात नेमका त्याच वेळी सराफ्यातला रात्रीचा खाऊबाजार रंगात येतो. त्यापेक्षा दिवस असा लावून पाहा. सकाळी ४० ग्रॅम पोहे (कच्चे वजन), सोबत वाटीभर मोड आलेल्या मुगाची किंवा मटकीची उसळ आणि बिनसाखरेचा चहा. दुपारी ३० ग्रॅम पिठाच्या दोन पोळ्या, वाटीभर घट्ट वरण, भरपूर पालेभाजी किंवा फळभाजी, १५० ग्रॅम दही. चारच्या सुमारास मूठभर फुटाणे (३० ग्रॅम) आणि एक पेरू. रात्री ज्वारीची एक भाकरी, भाजी आणि ७५ ग्रॅम पनीर किंवा दोन अंडी. दिवसभराचं तेल चार चमच्यांच्या आत. हे साधारण १५०० कॅलरी आणि ६० ग्रॅम प्रथिनांपर्यंत जातं. अंग वाळायला नको असेल तर प्रथिनं सोडून चालणार नाही. ती कमी पडली की चरबीबरोबर स्नायूही झडतात, मग हातपाय आणखी बारीक आणि पोट तसंच. मूत्रपिंडाचा आजार असल्यास मात्र प्रथिनांचं प्रमाण डॉक्टरांनाच ठरवू द्या.

प्रश्न : कीटो (कर्बोदकं, म्हणजे पोळी-भात-साखर, जवळपास बंद आणि तेल-तूप भरपूर) सुरू केला. पहिल्या आठवड्यात अडीच किलो उतरले, नंतर महिनाभर काटा हलेना. काय चुकलं? (विजयनगर, इंदूर)

उत्तर : चुकलं काही नाही, पहिल्या आठवड्याचे अडीच किलो मुळात बहुतांश चरबीचे नव्हतेच. यकृत आणि स्नायूंत मिळून ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन (साठवलेली साखर) असतं, आणि त्याचा प्रत्येक ग्रॅम अंदाजे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो. पोळी-भात-साखर बंद केली की तो साठा संपतो आणि पाणी लघवीवाटे निघून जातं. एका लग्नाच्या पंगतीत जेवलात की तेच पाणी परत येतं. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७७०० कॅलरी. रोज ५०० कॅलरी कमी घेतल्या तर आठवड्याला जेमतेम अर्धा किलो, तोही सुरुवातीला. पुढे वजन घटलं की शरीराची गरजही घटते आणि वेग मंदावतो.

महिनाभर काटा हलला नाही, याचं कारण बहुधा लोणी, चीज, काजू-बदाम. पोळी नाही म्हणून ते मोकळ्या हातानं खाल्लं जातं. १०० ग्रॅम शेंगदाणे ५६० कॅलरींच्या वर जातात, बदामही त्याच घरातले.

कर्बोदकं कमी करणं की चरबी कमी करणं, याची अमेरिकेत ६०९ जणांवर वर्षभर तुलना झाली, २०१८ साली निष्कर्ष आले. कमी चरबीवाल्यांचं सरासरी ५.३ किलो घटलं, कमी कर्बोदकवाल्यांचं ६. फरक दखल घेण्याजोगा नव्हता. आमच्या मते आपल्याकडच्या शाकाहारी घरात कीटो फार काळ निभत नाही. डाळीच वर्ज्य केल्यावर उरतं काय?

मधुमेहासाठी डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असेल तर कीटो स्वतःच्या मनानं अजिबात करू नका. या गोळ्यांवर कर्बोदकं तोडली की रक्तात आम्ल वाढू शकतं, आणि साखरेचा आकडा फारसा वाढलेला नसतानाही वाढू शकतं, त्यामुळे लवकर ध्यानात येत नाही. मळमळ, पोटदुखी, धाप ही त्याची लक्षणं. अशा वेळी थेट दवाखाना गाठायचा.

प्रश्न : दिवसातून दोनदाच जेवायचं, मध्ये काही नाही. आमच्या भिशीतल्या निम्म्या बायकांनी हे धरलंय. पोटासाठी हे जास्त चांगलं का? (लोकमान्यनगर, इंदूर)

उत्तर : दोनदाच जेवल्यानं ज्यांचं मधलं खाणं सुटतं, त्यांना फायदा होतो. चहाबरोबरची खारी, दुपारचं नमकीन, रात्रीचं गोड हे सगळं आपोआप बंद होतं. पण तो फायदा कमी खाल्ल्याचा आहे, घड्याळाचा नाही. चीनमध्ये ग्वांगझू इथं १३९ स्थूल लोकांना वर्षभर सारख्याच कमी कॅलरी दिल्या. एका गटाला त्या सकाळी ८ ते दुपारी ४ या वेळातच खायच्या होत्या, दुसऱ्याला वेळेचं बंधन नव्हतं. वर्षाअखेर वजनात आणि कमरेच्या घेरात लक्षणीय फरक आढळला नाही.

बिघडतं ते दोन ठिकाणी. एक, ‘आता रात्रीपर्यंत काही नाही’ म्हणून ताट दुप्पट वाढून घेतलं जातं. दोन, ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांची साखर मधल्या वेळात घसरते : घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. डॉक्टरांनी डोस बदलून दिल्याशिवाय त्यांनी जेवण वगळू नये.

प्रश्न : आम्ही बाहेरचं खात नाही, सगळं घरचं. तरी चौघांचीही पोटं वाढलेलीच. (राजेंद्रनगर, इंदूर)

उत्तर : तेलाच्या डब्यावर फोडल्याची तारीख लिहा. पाच लिटरचा डबा चौघांना महिनाभर पुरला, तर माणशी रोज सुमारे ३८ ग्रॅम तेल पोटात जातं, म्हणजे जवळजवळ ३४५ कॅलरी. वजन उतरवायचं असेल तर तूप-लोणी धरून माणशी २० ग्रॅमवर यायला हवं, म्हणजे महिन्याला अडीच लिटरच्या आसपास. कढईत बुधल्यानं ओतू नका, चमच्यानं मोजून घाला. एक छोटा चमचा ४५ कॅलरींचा. पोळीला तेल कणीक मळताना, लाटताना आणि वरून असं तीनदा लागतं, तिथून सुरुवात करा.

आणि जेवणाच्या टेबलावरचा सेवेचा, म्हणजे शेवेचा, डबा. ‘घरचं’ म्हणताना तो कोणी मोजत नाही. इंदुरात वरणावर सेव, भाजीवर सेव, पोह्यावर तर सेव हवीच. ५० ग्रॅम सेव म्हणजे पावणेतीनशे कॅलरी. डबा पुन्हा कपाटात ठेवा, वाढताना चमच्यानं वाढा.

पोह्यांना मात्र उगाच बदनाम केलं जातं. ६० ग्रॅम पोहे २१० कॅलरींचे, चमचाभर तेल ४५, दाणे ५५, त्यावर २० ग्रॅम सेव ११०. शेजारी १०० ग्रॅम जलेबी घेतली तर तिच्या एकटीच्या ४०० च्या आसपास, म्हणजे सेवेसकट सगळ्या पोह्यांइतक्याच. इंदुरी पद्धतीचे वाफेवरचे पोहे उलट तेल वाचवायला उत्तम. जाड पोहे चाळणीत धुऊन दहा मिनिटं निथळू द्या, त्यातच हळद-मीठ लावा, दोघांत एक चमचा तेलाची बडीशेप-मोहरीची फोडणी मिसळा आणि चाळणी उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर झाकून पाच-सात मिनिटं ठेवा. पाणी चाळणीला टेकता कामा नये, नाहीतर लगदा होतो. वरून कांदा, कोथिंबीर, डाळिंबाचे दाणे आणि जीरावन (पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला). चव तिथंच आहे, सेव चिमूटभर पुरते.

प्रश्न : सोमवार, चतुर्थी, एकादशी, सगळे उपास करते. वजन घटत नाही. (रामबाग, इंदूर)

उत्तर : ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ हे आपल्या पूर्वजांनी उगाच म्हटलेलं नाही. ६० ग्रॅम साबुदाण्याची खिचडी, त्यात २५ ग्रॅम दाण्याचं कूट आणि दोन चमचे तूप : ४४० कॅलरी, बटाटा वेगळा. साबुदाणा जवळपास निव्वळ स्टार्च आहे, जी काय सहा-सात ग्रॅम प्रथिनं मिळतात ती कुटाची. म्हणून तासा-दोन तासांत परत भूक. वरी किंवा राजगिरा घेतलात तरी कॅलरी साबुदाण्याइतक्याच पडतात, तेव्हा प्रमाण ४० ग्रॅमवर ठेवा आणि जोडीला वाटीभर दही, काकडीची कोशिंबीर (कूट एक चमचा) आणि एक फळ घ्या. खिचडीऐवजी ताक आणि फळांवर राहता आलं, तर तो खरा उपास.

प्रश्न : सफरचंदाचं व्हिनेगर, जिरेपाणी, मध-लिंबू यांपैकी काय घ्यावं? (पलासिया, इंदूर)

उत्तर : पोटासाठी काहीच नाही. व्हिनेगरनं वजन झपाट्यानं उतरतं असं सांगणारा लेबननमधला एक अभ्यास २०२४ मध्ये गाजला होता; त्यातल्या आकड्यांवर शंका आल्यानं २०२५ मध्ये तो मागे घेण्यात आला. बिनपाण्याचं व्हिनेगर दातांचं एनॅमल खातं. मधाचा मोठा चमचा ६० कॅलरी वाढवतो, कमी करत नाही. जिरेपाणी आवडत असेल तर प्या, साखरेच्या चहाऐवजी प्यालात तर तेवढी साखर वाचेल.

प्रश्न : वय ५२. पाळी थांबल्यापासून पोट वाढतंय, खाणं पूर्वीइतकंच. रोज पोटाचे व्यायाम करते. (वैशालीनगर, इंदूर)

उत्तर : इस्ट्रोजेन हे स्त्रियांचं हॉर्मोन कमी झालं की चरबीचा मुक्काम मांड्या-नितंबांवरून पोटाकडे हलतो, आणि वयानं स्नायू घटल्यामुळे पूर्वीइतकंच खाणंही जास्त ठरतं. पोटाच्या व्यायामानं चरबीखालचे स्नायू मजबूत होतात, वरची चरबी त्यानं जळत नाही. त्यातला अर्धा वेळ चालण्याला द्या. आठवड्याला किमान १५० मिनिटं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही अशा वेगानं. भरभर चालण्यानं आतली चरबी, काटा फारसा हलला नाही तरी, कमी होते. आठवड्यातून दोनदा स्नायूंचं काम करा : खुर्चीवरून हात न टेकता १० वेळा उठणं-बसणं, भिंतीला हात लावून १० दंड, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या खांद्यावर उचलणं, प्रत्येकी दोन फेऱ्या. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर उशी टाकून उंची वाढवा.

मात्र पोट थोड्या आठवड्यांतच वाढलं असेल, दोन घास खाल्ले तरी भरल्यासारखं वाटत असेल, सतत फुगलेलं राहत असेल किंवा पाळी थांबल्यावर पुन्हा रक्त दिसलं असेल, तर डाएटच्या फंदात न पडता स्त्रीरोगतज्ज्ञांकडून तपासणी आणि पोटाची सोनोग्राफी आधी करून घ्या. अंडाशयाचे किंवा गर्भाशयाचे आजार सुरुवातीला अशा लक्षणांनी दिसू शकतात. तसं काही नसेल तर उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड प्रोफाइल (रक्तातली चरबी) आणि थायरॉइड यांची तपासणी करा, आणि रिपोर्ट दाखवायला जाताना टेपचा आकडाही लिहून न्या.