चीफ कॉन्स्टेबलकडे हिशेब मागतो कोण?

इंग्लंड आणि वेल्समध्ये 2012 पासून ‘पोलीस अँड क्राइम कमिशनर’ हे निवडून द्यायचे पद आहे. तिथल्या मराठी वाचकांच्या काही प्रश्नांना ही उत्तरे.

लेस्टर: घरफोडी झाली, पोलीस फिरकलेच नाहीत. कमिशनर तपास लावतील का?

नाही. आपल्याकडचे पोलीस आयुक्त वर्दीतले अधिकारी. हे मतांवर निवडून आलेले. कोणाला पकडायचे, कुठे माणसे लावायची हे पोलीस दलाचे प्रमुख, म्हणजे चीफ कॉन्स्टेबलच ठरवतात, कमिशनरला त्यात हात घालता येत नाही. मात्र पोलिसांचे बजेट, कौन्सिल टॅक्समधला (तिथल्या घरपट्टीतला) पोलिसांचा वाटा आणि खुद्द चीफ कॉन्स्टेबलची नेमणूक नि हकालपट्टी कमिशनरच्या हातात असते. तुम्ही आधी पोलीस दलाकडे लेखी तक्रार करा. निर्णय पटला नाही तर 28 दिवसांत फेरविचार मागता येतो. तो कमिशनरच्या कार्यालयाकडे मागायचा की पोलिसांविरुद्धच्या तक्रारी पाहणाऱ्या आयओपीसी या स्वतंत्र संस्थेकडे, हे निर्णयाच्या पत्रातच लिहिलेले असते. ते पत्र जपून ठेवा.

स्लाऊ: पासपोर्ट भारताचा आहे. मत देता येते?

येते. कायदेशीर वास्तव्य असलेल्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना हा हक्क आहे. फक्त मतदारयादीत नाव हवे. मतदान केंद्रावर फोटो ओळखपत्र लागते, तिथे भारतीय पासपोर्ट चालतो. आपल्यातल्या कितीतरी जणांना हे ठाऊकच नसते.

कार्डिफ: इतके कमी लोक मत का देतात?

पहिली निवडणूक ऐन नोव्हेंबरच्या थंडीत घेतली आणि उमेदवारांची पत्रके सरकारी खर्चाने घरोघर पोचवलीही नाहीत. मतदान झाले जेमतेम 15 टक्के. तुमच्या जवळच्या न्यूपोर्टमध्ये तर एका केंद्रावर दिवसभरात एकही मतदार आला नाही! पुढे स्थानिक निवडणुकांना जोडून मतदान घेतल्यावर आकडा वाढला, पण या पदाची ओळख काही रुजली नाही.

शेफिल्ड: नकोसा झालेला कमिशनर काढता येतो का?

तुमच्याच साउथ यॉर्कशायरने याचे उत्तर 2014 मध्ये पाहिले. रॉदरहॅममधल्या मुलांच्या लैंगिक शोषणाचा अहवाल आला, तेव्हाचे कमिशनर शॉन राइट हे पूर्वी तिथल्याच कौन्सिलमध्ये बालसेवा सांभाळत होते. त्यांच्याच लेबर पक्षाने राजीनामा मागितला, गृहमंत्री थेरेसा मे यांनीही मागितला. त्यांनी पक्ष सोडला, खुर्ची सोडली नाही. कमिशनरवर देखरेख ठेवणाऱ्या कौन्सिलरांच्या पॅनेलला त्यांना पदावरून काढता येईना, कारण दोन वर्षांहून अधिक कैदेच्या गुन्ह्याचा आरोप ठेवला गेला तरच ते कमिशनरला निलंबित करू शकते. अखेर काही आठवड्यांनी राइट स्वतःहून गेले. चीफ कॉन्स्टेबलला घरी पाठवू शकणाऱ्या माणसाला मतदारही मध्येच घरी पाठवू शकत नाहीत, ही या कायद्यातली सर्वांत मोठी फट, असे माझे मत आहे.

हॅरो: आम्हाला ही मतपत्रिका कधी मिळालीच नाही.

लंडनमध्ये हे काम मेयरकडे आहे, ग्रेटर मँचेस्टरमध्येही. नोव्हेंबर 2025 मध्ये सरकारने जाहीर केले की मे 2028 मध्ये मुदत संपताच हे पद सगळीकडेच बंद होईल. जिथे मेयर आहेत तिथे काम त्यांच्याकडे जाईल, बाकी ठिकाणी कौन्सिलच्या नेत्यांकडे. मला यात एक अडचण दिसते: बस, घरे आणि पोलीस या सगळ्यांचा निकाल मग एकाच मतात लागणार.